व्हेनिसच्या विहिरी

अलीकडे आमच्या मराठवाड्यातील सुशिक्षित कुटुंबांत युरोपच्या यात्रेचा परिपाठ पडत चालला आहे. ही गोष्ट आम्हांस मुळीच वाईट वाटत नाही. नांदेड-लातुराकडील ज्या घरांतून दोन पिढ्यांपूर्वी काशी-रामेश्वर हीच प्रवासाची परिसीमा होती, त्याच घरांतील वडील माणसे आज मुलामुलींच्या आश्रयाने आल्प्स पर्वत पाहून येतात आणि घरी परतल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांस चार नव्या गोष्टी सांगतात. कूपमंडूकाचा अभिमान मिरविण्याचे दिवस संपले, हे बरेच झाले. परंतु बेडूक विहिरीतून बाहेर पडला म्हणजे त्याने विहिरीस नावे ठेवलीच पाहिजेत, असा काही नियम नाही. आमच्या प्रवासी बंधुभगिनींनी मात्र तो नियमच करून टाकलेला दिसतो.

या यात्रेकरूंच्या तोंडून इटलीतील व्हेनिस शहराचे वर्णन ज्याने ऐकले नाही, असा वाचक विरळा. रस्त्यांच्या जागी कालवे, गाड्यांच्या जागी नावा, दाराशी पायऱ्या आणि पायऱ्यांशी पाणी! वर्णन संपते तेव्हा एक सुस्कारा येतो, आणि त्या सुस्काऱ्यामागून एक वाक्य येते: ‘नाही तर आपले गाव! आपल्याकडे पाहण्यासारखे आहे तरी काय?’ आमचा वाद या दोन्ही उद्गारांशी आहे. व्हेनिस हे पाण्याचे शहर, हा पहिला उद्गार अर्धवट आहे. आमच्याकडे पाहण्यासारखे काही नाही, हा दुसरा साफ चुकीचा आहे. आणि दोहोंचा उगम एकाच दृष्टिदोषात आहे. तो दोष दूर झाल्यावाचून हजारो मैलांचा प्रवास करूनही माणूस पाहण्याचे तेवढे नेमके टाळून येतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम व्हेनिसचाच विचार करू. आमचा प्रवासी तेथे बहुधा अर्धा दिवस, फार तर एक दिवस असतो. त्याच्या हाती एक यादी असते: सान मार्कोचे देवालय, डोजचा म्हणजे तेथील लोकसत्ताकाच्या निर्वाचित प्रमुखाचा राजवाडा, १५८८ ते १५९१ या काळात बांधलेला रिआल्तोचा दगडी पूल, आणि गोंडोला नावाच्या नावेतून एक फेरी. यादीतील नावांवर एकामागून एक खुणा होतात, छायाचित्रे निघतात, आणि व्हेनिस ‘झाले’ असे समजून मंडळी पुढच्या गावाकडे वळतात. आता या मंडळींस कोणी विचारावे की, ज्या शहराच्या आत-बाहेर खारे पाणी आहे, त्या शहरातील लोक शतकानुशतके पीत काय होते? आमची खात्री आहे की, शंभरांतील नव्वदांस हा प्रश्न कधी पडलेलाच नसतो. भोवताली इतके पाणी दिसत असता पिण्याच्या पाण्याची पंचाईत असेल, ही कल्पनाच डोक्यात शिरत नाही.

आणि खरी गोष्ट तर अशी की, व्हेनिस हे पाण्यात बसलेले परंतु पाण्याविना असलेले शहर होते. खाऱ्या उथळ खाडीतील शंभरांवर लहान बेटांवर ते वसले. तेथे नदी नाही, झरा नाही, आणि साधी विहीर खणावी तर खाली खारटच. अशा ठिकाणी एका बलाढ्य व्यापारी लोकसत्तेने आपले ठाणे मांडले आणि एक हजार वर्षे टिकविले. ते कशाच्या बळावर? आरमाराच्या बळावर, असे इतिहासकार सांगतात. व्यापाराच्या बळावर, असे अर्थशास्त्री सांगतात. दोघांचेही म्हणणे बरोबर आहे. परंतु आरमारातील खलाशी आणि पेढीवरील व्यापारी या दोघांनाही सकाळी उठून पाणी प्यावे लागतेच. ते पाणी व्हेनिसने आकाशातून मिळविले आणि जमिनीत साठविले.

ही साठवण कशी होती, हे थोड्या विस्ताराने सांगण्याजोगे आहे. शहरातील प्रत्येक वस्तीच्या मध्यभागी एक मोकळे मैदान असे. त्यास तेथील लोक ‘काम्पो’, म्हणजे शब्दशः शेत, म्हणतात. या मैदानाच्या पोटात मोठा खड्डा खणून त्यास आतून चिकणमातीचा जाड लेप देत, म्हणजे बाहेरचे खारे पाणी आत शिरू नये. मग खड्ड्यात वाळू भरीत आणि मधोमध विटांची नळीसारखी विहीर बांधून वर काढीत. मैदानाच्या फरसबंदीस किंचित उतार देऊन चार बाजूंस छिद्रांचे दगड बसवीत. पावसाचे पाणी छपरांवरून व फरशीवरून त्या छिद्रांत जाई, वाळूतून गाळले जाई आणि स्वच्छ होऊन मधल्या विहिरीत उतरे. वर दगडी कठडा असे. तो कोरीव असे, कारण तो वस्तीचा मान होता. एकोणिसाव्या शतकात मोजदाद झाली तेव्हा खासगी व सार्वजनिक मिळून अशा सहा हजारांहून अधिक विहिरी त्या शहरात आढळल्या. आमचा प्रवासी ज्या कठड्यास टेकून विश्रांती घेतो आणि पायातील जोडे सैल करतो, तो कठडा म्हणजेच त्या शहराचे हृदय होय, हे त्यास कोणी सांगत नाही आणि तो विचारीत नाही.

व्हेनिसचे सहा भाग आहेत. त्यांस ‘सेस्तिएरे’, म्हणजे षष्ठांश, असे नाव आहे. आपण त्यांस पेठा म्हणू. मोठ्या कालव्याच्या एका अंगास सान मार्को, कास्तेल्लो व कान्नारेजो, आणि दुसऱ्या अंगास सान पोलो, सांता क्रोचे व दोर्सोदुरो. या सहा पेठा यादी बाजूस ठेवून आणि विहिरींचा माग धरून कोणी हिंडेल, तर त्यास निराळेच शहर दिसेल. सान मार्कोत डोजच्या राजवाड्याच्या चौकात सोळाव्या शतकातील दोन ओतीव कांस्य कठडे आहेत. राजसत्तेच्या अंगणातही मानाची जागा विहिरीची होती. कास्तेल्लोत कोल्लेओनी नावाच्या सेनापतीचा अश्वारूढ पुतळा पाहण्यास गर्दी असते, आणि त्याच्या जवळच मुलांच्या आकृती कोरलेला विहिरीचा सुंदर कठडा उपेक्षित उभा असतो. कान्नारेजोत १५१६ साली यहुदी लोकांस ज्या बेटावर कोंडून राहण्यास लावले, त्या ‘घेत्तो’च्या मैदानात तीन विहिरी आहेत. माणसांस रात्री कुलपात ठेवणाऱ्या त्या कठोर सत्तेच्या राज्यातही त्या कोंडलेल्या वस्तीच्या मधोमध विहिरी होत्या, हे ध्यानात घेतले पाहिजे.

दोर्सोदुरो पेठेतील एक विहीर तर आमच्या वाचकांस विशेष आपुलकीची वाटेल. १३४८ साली युरोपात महामारीने हाहाकार उडविला. तीत मार्को अरियान नावाचा तेथील एक गृहस्थ मरण पावला. रोग दूषित पाण्याने पसरतो अशी त्याची समजूत होती, आणि मरतेवेळी त्याने वस्तीसाठी विहीर बांधण्यास द्रव्य ठेवले. रोगाच्या कारणाविषयी त्याची समजूत चुकीची होती. पुण्याविषयीची मात्र अचूक होती. सान राफाएलेच्या मैदानातील ती विहीर आजही आहे. विहीर खणावी, पाणपोई घालावी, आड बांधून त्यावर वडिलांचे नाव कोरावे, हा आमच्या धर्मबुद्धीचा जुना पाठ नव्हे काय? हजारो मैलांवरच्या त्या परक्या माणसाचे मन आमच्या आज्या-पणज्यांच्या मनाशी इतके जुळते, आणि आमचे प्रवासी मात्र त्या विहिरीवरून नजर न टाकता पुढे जातात!

केवळ विहिरी बांधून व्हेनिस थांबले नाही. त्या विहिरींस कायदा होता. सार्वजनिक विहिरींची झाकणे कुलूपबंद असत, किल्ली वस्तीच्या प्रमुखाकडे असे, आणि ठरावीक वेळी घंटा वाजली की झाकण उघडून लोकांस पाणी मिळे. पाऊस कमी पडला तर मुख्य भूमीवरील ब्रेंता नदीचे गोडे पाणी नावांत भरून आणीत. त्यासाठी पाणक्यांची स्वतंत्र संघटना होती. गाळाने खाडी भरून जाऊ नये म्हणून ब्रेंता, पियावे यांसारख्या नद्यांचे प्रवाह शतकानुशतके खटपट करून दूर वळविले गेले. १५०१ साली पाण्याच्या कारभारासाठी खास अधिकारमंडळ नेमण्यात आले, आणि सार्वजनिक पाण्यास अपाय करणाऱ्याची गय केली जात नसे. १८८४ साली मुख्य भूमीवरून नळाने पाणी आले आणि विहिरींचे काम संपले. आज त्यांची तोंडे बंद आहेत. परंतु पुष्कळ कठडे अजून जागच्या जागी आहेत. कारण ज्याने आपणांस जगविले त्यास उखडून फेकू नये, एवढी कृतज्ञता त्या शहराने राखिली.

येथे कोणी म्हणेल की, हे सर्व ठीक; पण याचा लातूर-नांदेडशी संबंध काय? संबंध असा की, पाण्यात बसून पाण्याविना असलेले शहर जसे आडरिआटिक समुद्राच्या टोकाशी होते, तसे पाण्याविना उरलेले एक शहर मांजरेच्या खोऱ्यातही आहे. आणि दोहोंच्या वर्तनातील भेद आमच्या लोकांनी डोळे उघडून पाहण्याजोगा आहे.

२०१६ साल आमचे वाचक विसरले नसतील. लागोपाठच्या अवर्षणांनी मांजरा धरण कोरडे पडले होते. मार्च महिन्यात लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी गर्दी जमू नये म्हणून जमावबंदीचा हुकूम काढावा लागला. घागरीभोवती दंगा होईल या भीतीने सरकारने कलम लावावे, यापरते नामुष्कीचे दृश्य कोणते? पुढे १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची आगगाडी लातुरास पोहोचली. ‘जलदूत’ असे तिचे गोड नाव ठेवले होते. पहिल्या खेपेस दहा डब्यांत पाच लाख लिटर पाणी आले. शहराची वस्ती २०११ च्या शिरगणतीतच पावणेचार लाखांवर गेलेली. म्हणजे दर माणशी दीड लिटरही नव्हे. पुढे पन्नास डब्यांची गाडी येऊ लागली, आणि तिचे स्वागत, तिची छायाचित्रे व तिचे श्रेय यांवरून बरेच काही झाले. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मांजरा धरण भरले. आणि धरण भरल्याबरोबर आमची स्मरणशक्ती आटली.

आता व्हेनिसच्या पाणक्यांच्या नावा आणि लातूरची आगगाडी यांत तत्त्वतः फरक काय, असे कोणी चतुर वाचक विचारील. फरक हा की, व्हेनिसची नाव ही विहिरींच्या व्यवस्थेची पुरवणी होती. लातूरची आगगाडी ही व्यवस्था बुडाल्याची पावती होती. तिकडे बाहेरचे पाणी आणून वस्तीच्या विहिरीतच ओतीत, कारण विहीर जिवंत ठेवलेली होती. इकडे जुने आड कचऱ्याने बुजलेले, त्यांवर दुकानांचे ओटे चढलेले, आणि आलेले पाणी साठविण्यासाठी पुन्हा टाक्यांची धावपळ!

लातूर हे काही कालपरवाचे गाव नव्हे. राष्ट्रकूट राजे स्वतःस ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत, आणि ते लट्टलूर म्हणजे आजचे लातूर, असा विद्वानांचा कौल आहे. मलखेडला साम्राज्याची राजधानी झाल्यावरही ज्या गावाचे नाव राजे बिरुदात मिरवीत, त्या गावी पाण्याची सोय असल्याखेरीज का वस्ती टिकली असेल? अलीकडच्या काळाकडे यावे तर १९१७ साली निजामी अमदानीत आखलेली गंजगोलाई पहा. मध्ये वर्तुळाकार इमारत, तीत अंबादेवीचे स्थान, आणि भोवती सोळा रस्ते. कोठे सराफ, कोठे कापड, कोठे भुसार, कोठे मिरची-गूळ. रिआल्तोच्या पुलापाशी सोनारांची गल्ली, भाजीचा बाजार व मासळीचा बाजार एकमेकांस लागून आहेत, हे पाहून आमचे प्रवासी थक्क होतात. त्यांस गंजगोलाईत थक्क होण्यास कोणी मना केले आहे? पण गोलाई ही आमच्या लेखी वाहनांच्या कोंडीची जागा! सोळा रस्त्यांचे एक केंद्र कल्पिणाऱ्या मनाची ओळख करून घेण्याइतका वेळ आम्हांपाशी नाही.

औशाचा व उदगीरचा किल्ला घ्या. दोन्ही भुईकोट. डोंगराचा आसरा नसलेल्या सपाट मुलखात किल्ला टिकतो तो तटाइतकाच खंदकाने. उदगीरचा खोल खंदक व औशाच्या तटाभोवतालचा खंदक हे शत्रूस जसे अडवीत, तसे पावसाचे धावते पाणीही अडवीत. १७६० साली सदाशिवरावभाऊंनी उदगीरास निजामाचा मोड केला, हे आमच्या मुलांस पाठ असते, आणि असावेच. परंतु त्या किल्ल्यातील माणसे व जनावरे वेढ्याच्या दिवसांत पाणी कोठले पीत, हा प्रश्न कोणत्याही परीक्षेत आलेला आमच्या पाहण्यात नाही. लढाईची तारीख शिकवावयाची आणि पाण्याची वाट शिकवावयाची नाही, असे आमचे इतिहासशिक्षण आहे. त्याच शिक्षणातून निघालेला गृहस्थ व्हेनिसला जाऊन राजवाडा पाहील आणि विहीर पाहणार नाही, यात नवल ते कोणते?

नांदेड जिल्ह्यातील कंधारची गोष्ट तर याहून मोठी आहे. तेथील भुईकोट किल्ल्याचा खंदक पाण्याने भरलेला पाहिला म्हणजे क्षणभर आपण मराठवाड्यात आहोत हे खरे वाटत नाही. गावालगत ‘जगत्तुंगसागर’ नावाचा विस्तीर्ण तलाव आहे. जगत्तुंग हे राष्ट्रकूट राजांचे बिरुद. आणि राष्ट्रकूटकालीन शिलालेखात या ‘जगत्तुंगसमुद्रा’चा उल्लेख आहे. म्हणजे हजार वर्षांहून अधिक काळ एक तलाव आपल्या मूळ नावानिशी नांदत आहे. राजा गेला, घराणे गेले, देवळे पडली, क्षेत्रपालाच्या प्रचंड मूर्तीचे अवयव तेवढे इतस्ततः उरले. परंतु पाणी राहिले आणि पाण्याने राजाचे नाव राखिले. व्हेनिसमध्ये असे एखादे तळे असते तर त्याच्या काठी तिकिटाची खिडकी असती आणि आमचे प्रवासी रांगेत उभे असते. कंधारास मात्र नांदेडचेही किती सुशिक्षित लोक मुद्दाम गेले असतील, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी मोजावे.

खुद्द नांदेडकडे वळू. हे शहर गोदावरीचे. त्याचे जुने मुख नदीकडे आहे: गोवर्धनघाट, उर्वशीघाट, नगीनाघाट, बंदाघाट ही नावेच त्याची साक्ष देतात. आज आपण रेल्वे स्थानकाकडून किंवा मोटाररस्त्याने शहरात शिरतो आणि वजिराबादेच्या गर्दीत सापडतो. म्हणजे माणसाची भेट त्याच्या पाठीकडून घेतो आणि पुन्हा त्याचा चेहरा बरा नाही म्हणतो. नदीने तीन बाजूंनी वेढलेल्या नंदगिरी किल्ल्यात शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम चालत आले, ही गोष्ट आम्हांस कोणत्याही कोरीव कमानीहून अधिक बोलकी वाटते. किल्ला राजाचा होता तेव्हाही पाण्यासाठी होता, आणि नगरपालिकेचा झाला तेव्हाही पाण्यासाठीच राहिला.

गुरु गोविंदसिंगांनी १७०८ साली येथेच देह ठेविला, आणि महाराजा रणजितसिंगाच्या साहाय्याने १८३२ ते १८३७ या काळात सचखंड गुरुद्वारा उभा राहिला. सोन्याने मढविलेला त्याचा घुमट सर्वांस ठाऊक आहे. परंतु तेथील एक नित्यक्रम आमच्या मते घुमटाहून थोर आहे. रोज पहाटेपूर्वी एक सेवक गोदावरीचे पाणी घागरीत भरून वाजतगाजत गुरुद्वाऱ्यात आणतो. शहर झोपलेले असता नदी आणि देवस्थान यांची ही भेट पिढ्यानुपिढ्या होत आली आहे. नांदेडचे ऐतिहासिक स्थळ कोणते, असे आम्हांस कोणी विचारले तर आम्ही नकाशावरील बिंदू दाखविणार नाही. त्या घागरीची वाट दाखवू.

आणि या वाटेच्या शेवटी काय आहे? ज्या नदीची घागर मस्तकी धरावयाची, त्याच नदीत शहराच्या नाल्यांचे सांडपाणी मिसळते. २००८ साली गुरुतागद्दीच्या त्रिशताब्दीनिमित्त नांदेडात रस्ते रुंद झाले, घाटांची नवी बांधकामे झाली, दिवे लागले. शहराचा कायापालट झाला, असे सर्वजण म्हणाले, आणि पुष्कळ अंशी ते खरेही आहे. यात्रेकरूंची सोय होणे हे चांगलेच. परंतु काठ सजविला आणि पाणी नासू दिले, तर त्यास सुधारणा म्हणावयाचे की प्रेतास हळद लावणे म्हणावयाचे? ‘सुशोभीकरण’ नावाचा जो एक शब्द आमच्या नगरपालिकांच्या दप्तरी शिरला आहे, त्याचा अर्थ बहुधा हाच असतो: पाण्याकडे पाठ करून बसण्यासाठी बाके टाकणे. आणि त्या सुशोभीकरणाचे समर्थन करताना कोणी ना कोणी ‘आपण येथे व्हेनिस करून दाखवू’ असे म्हणतोच. त्यास व्हेनिस म्हणजे दिवे आणि नावा एवढेच ठाऊक; नद्या वळविणारे ते कर्तृत्व आणि विहिरीच्या किल्ल्या सांभाळणारी ती शिस्त त्याच्या गावीही नसते.

आता आमच्यावर येणाऱ्या आक्षेपांचा विचार करणे न्याय्य होईल. पहिला आक्षेप पावसाचा: मराठवाड्यात पाऊसच नाही, मग साठवावयाचे काय? हा आक्षेप नेहमी इतक्या आत्मविश्वासाने घेतला जातो की, त्याचे उत्तर आकड्यांनीच दिले पाहिजे. लातूर जिल्ह्याचा वार्षिक सरासरी पाऊस सुमारे आठशे मिलिमीटर आहे. आणि व्हेनिसचाही साधारण तितकाच! होय, तेथे तो बाराही महिने विभागून पडतो, आणि आमच्याकडे चार महिन्यांत पडून मोकळा होतो. शिवाय आमच्याकडे तो वारंवार दगा देतो. हा फरक मोठा आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु या फरकाचा निष्कर्ष कोणता? ज्यास रोज थोडे मिळते त्याने एक वेळ साठविले नाही तरी चालेल. ज्यास वर्षातून एकदाच मिळते त्याने तर साठविलेच पाहिजे. आमचा आक्षेपक नेमका उलटा निष्कर्ष काढतो.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: लाखो लोकांच्या शहरास जुने आड आणि बारव कसे पुरणार? ते एकटे पुरणार नाहीत, हे आम्हांसही कळते. धरण पाहिजे, नळ पाहिजेत. पण नळ आल्यावर विहीर बुजवावी, हे कोठल्या व्यवहारात बसते? घरात धान्याचे दुकानदार उधारीने माल देतो म्हणून कणगी कोणी जाळीत नाही. बरे, विहिरी बुजविल्या त्या लोकांनी पाण्याची हाव तरी सोडली काय? मुळीच नाही. शेकडो फूट खोल बोअर घेऊन काळ्या पाषाणाच्या पोटातील तुटपुंजे पाणी उपसण्याची जी चढाओढ लागली आहे, ती व्यवहारी म्हणावयाची काय? खोऱ्यात उसाचे मळे वाढत जातात, शहरात बोअर वाढत जातात, आणि दोघेही एकाच अदृश्य मडक्यात नळी घालून ओढतात. या बाबतीतही व्हेनिसचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास मुख्य भूमीवरील कारखान्यांसाठी भूगर्भातील पाण्याचा बेसुमार उपसा झाला, आणि त्याने ते शहर सुमारे दहा सेंटीमीटर खचले. १९६६ साली समुद्राचे पाणी सामान्य पातळीहून १९४ सेंटीमीटर चढून शहर बुडाले, तेव्हा लोकांचे डोळे उघडले; १९७० नंतर तो उपसा थांबविण्यात आला आणि त्यामुळे होणारे खचणेही थांबले. आमची जमीन पाषाणाची, ती खचणार नाही; म्हणून आमचे डोळेही उघडणार नाहीत, असे दिसते.

तिसरा आक्षेप उलट बाजूने येतो, आणि तो आम्हांस अधिक विचारार्ह वाटतो. व्हेनिसने इतके जपले म्हणता, पण तेथे आज राहते कोण? जुन्या शहरात १९५१ च्या सुमारास पावणेदोन लाख माणसे राहात. २०२२ साली ती पन्नास हजारांच्याही खाली गेली. २०२४ साली तर दिवसापुरते येणाऱ्या पाहुण्यांकडून ठरावीक दिवशी पाच युरो प्रवेशपट्टी घेण्यास प्रारंभ झाला. घरास तिकीट लावण्याची पाळी यावी, ही काही वैभवाची खूण नव्हे. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. किंबहुना तो आमचाच मुद्दा आहे. ज्या शहराकडे सर्व जग ‘स्थळ’ म्हणून पाहू लागते, त्यातील वस्ती विरत जाते. विहिरीभोवती वस्ती होती तेव्हा विहीर शोभत होती. आता शोभा राहिली आणि वस्ती निघाली. आमच्याकडे वस्ती गजबजलेली आहे आणि विहीर बुजलेली आहे. त्यांच्यापाशी घागर भरणारे हात उरले नाहीत. आमच्यापाशी हात आहेत, घागर रिकामी आहे. या दोहोंत आमची स्थिती अधिक आशेची आहे, कारण रिकामी घागर भरता येते.

आणि ती भरता येते याचे प्रमाण फार दूर शोधावयास नको. शेजारच्या परभणी जिल्ह्यातील वालूर गावी चक्राकार पायऱ्यांची एक अपूर्व बारव गाळाने बुजून गेली होती; ग्रामस्थांनी ती उपसून मोकळी केली. त्यांनी व्हेनिस पाहिले नव्हते. त्यांनी आपली बारव पाहिली, एवढेच पुरे झाले.

आमची मागणी फार मोठी नाही. लातूर आणि नांदेड या दोन्ही शहरांतील पेठापेठांतून जितके आड, बारव, हौद व तळी आहेत, त्यांची गणती व्हावी आणि ती यादी प्रत्येक पेठेत लोकांच्या डोळ्यांसमोर लागावी. म्हणजे कोणती विहीर कोणत्या साली कोणाच्या ओट्याखाली गेली, हे सर्वांस कळेल. किल्ल्यांचे तट राखतात त्याच काळजीने खंदक आणि पाण्याच्या वाटा राखाव्यात. शाळांच्या सहली अजिंठा-वेरुळास जातात तशा कंधारच्या जगत्तुंगसागरावर आणि गोदावरीच्या घाटांवर जाव्यात, आणि तेथे गुरुजींनी राजांच्या वंशावळीइतकाच वेळ पाण्याच्या उताराला द्यावा. नदीकाठी पैसा खर्च करावयाचा तर पहिला रुपया नाल्याच्या तोंडाशी खर्च व्हावा. दिव्यांचा क्रम त्यानंतर लागला तरी चालेल. यांत अशक्य असे काय आहे, हे आम्हांस कोणी दाखवून द्यावे.

आणि व्हेनिसला जाणाऱ्यांनी अवश्य जावे. जाताना मात्र घरून एक प्रश्न बरोबर न्यावा: येथील लोक पाणी कोठून पीत? सहा पेठांतून हा प्रश्न विचारीत हिंडले असता जे शहर दिसेल ते चित्रांतल्या शहराहून कितीतरी थोर आहे. आणि तोच प्रश्न घेऊन परत आल्यावर आपलेही गाव निराळे दिसू लागेल. पुढचे अवर्षण येणार आहे, याविषयी कोणासही शंका असण्याचे कारण नाही. त्या वेळी मिरजेकडे तोंड करून आगगाडीची वाट पाहावयाची की आपल्या पेठेतील आडाचे झाकण उघडावयाचे, याचा निर्णय त्या उन्हाळ्यात होणार नाही. तो आजच, पाणी असताना, होत आहे.